चार नंबरची वाटी

आधीच सांगते, मला भुताखेतांचा राग आहे. भीती नाही — राग. मी नाशिकला वीजबिलांच्या तक्रार-खिडकीवर बसते. रोज कोणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, घर बंद होतं तरी मीटर आपोआप पळालं." आपोआप काही होत नाही हो... घरात फ्रिज चालू राहिलेला असतो, नाहीतर शेजाऱ्याने वायर टाकलेली असते. हे ऐकून ऐकून माझा स्वभाव असा झालाय की कोणी 'अनुभव आला' म्हटलं की मी आधी वायर शोधते. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी वाचते ते चुका काढायला. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा हवं तेवढं हसून घ्या.

बाबा गेले आणि आईचं जेवण गेलं. म्हणजे ती पानावर बसायची, दोन घास चिवडायची आणि "झालं" म्हणून उठायची. मी काय काय केलं नाही! रागावले, रडले, तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "यांना आजार काही नाही, पण असंच चाललं तर पुढचा उन्हाळा निघायचा नाही. कसंही करून जेवायला घाला." कसंही करून म्हणजे कसं, ते त्यांनी लिहून दिलं नाही. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते तिचे.

अशात बडोद्याचं लग्न आलं. माझ्या मामाच्या नातीचं. मामा आता नाही, पण त्याचा मुलगा श्रीरंगदादा गोत्रीला मोठ्या सोसायटीत राहतो. त्याने पाहुण्यांसाठी चकाचक हॉटेल बुक केलं होतं आणि ते तो दर वाक्याला सांगत होता.

त्या हॉटेलबद्दल मला स्वतंत्र तक्रारअर्ज लिहायचा आहे. भिंतीतल्या खाचेत कार्ड खोचल्याशिवाय दिवा लागत नाही. कार्ड खोचलं की सगळेच लागतात आणि मग कुठला कशाने बंद होतो ते कळत नाही. एसी कमी करता येत नाही, खिडकी उघडत नाही. आणि न्हाणीघराला काचेची भिंत! आई म्हणाली, "शैले, हे कोणी बांधलं? त्याला आईबहीण नव्हती का?" तिथे ती आंघोळीला जाताना मला खोलीबाहेर उभं करायची. नाश्त्याला इतके पदार्थ मांडलेले की एक टोक धरून चालत गेलं की दुसऱ्या टोकाला भूक लागावी. आईने सगळीकडे एकदा नजर टाकली. "बघूनच पोट भरलं," म्हणाली आणि चहासोबतच्या साखरेच्या पुड्या तेवढ्या पर्समध्ये टाकल्या. मूठभर! त्यावर हॉटेलचं नाव सोनेरी अक्षरांत. मी डोळे वटारले तर म्हणे, "असू दे. साखर कधी वाया जात नाही."

लग्नाच्या दुपारी, वधूवर पाया पडायला वाकले आणि आशीर्वाद देता देता आईच खाली बसली. चक्कर. दवाखाना, सलाइन. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगात काहीच नाहीये, थोडी ताकद आल्याशिवाय प्रवास करू नका. दादाच्या घरात तर व्याह्यांकडची माणसं गच्चीवरसुद्धा झोपलेली. हॉटेलचं बुकिंग संपलेलं, आणि आई म्हणत होती, "मला त्या पेटीत परत नेऊ नकोस."

तेव्हा वहिनीने फतेगंजातला तो लॉज सुचवला. तिच्या तोंडावर 'तुम्हाला चालेल का' असा भाव होता. दुकानांच्या मागे एक मजली इमारत. खाली मालकांचं टेबल, शेजारून जिना, वर लांब गॅलरी आणि एका ओळीत चार खोल्या. मालक प्रदीपभाई आपलेच, मराठी, पण तीन पिढ्या बडोद्यात काढलेले.

"बघा ने ताई, हवा-उजास मस्त आहे. एसी नथी, पण गरज पण नथी. मावशींना एकदम शांती वाटशे."

आम्हाला दोन नंबर दिली. आणि काय सांगू... मला भांडायला काही सापडेना! बटण दाबलं की पंखा लागत होता. खिडकी ढकलली की उघडत होती. लोखंडी खाट, कापसाची गादी, उन्हात वाळवलेली कडक पांढरी चादर, भिंतीला खुंट्या, बाहेर कपड्यांना दोरी. न्हाणीघराला चार खऱ्या भिंती. सकाळी गरम पाण्याची लाल बादली दाराशी. आई खाटेवर टेकली, चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही माणसांची जागा आहे." अशा साध्या, स्वच्छ, स्वस्त खोलीची किंमत त्या काचेच्या न्हाणीघरात राहून आल्याशिवाय कळत नाही. तेवढ्यापुरती दादाची मी आभारी आहे... पण मुख्य काळजी तशीच. लॉजवर जेवण नव्हतं. बाहेरून डबा लावला तर डाळीत गूळ. आईने एक घास घेतला आणि डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं आणि काहीतरी आंबट-तिखट मिळेल का ते बघायला बाहेर पडले. परत येते तर आई खाटेवर मांडी घालून बसलेली, हातात स्टीलची वाटी, आणि ती चमच्याने तळ खरवडत होती. खोलीभर वास — मऊ भात, तूप, मेतकूट.

मी दारातच थांबले. वर्षभरात मी तिला काही खरवडून खाताना पाहिलं नव्हतं.

"कोणी दिलं?"

"शेजारच्या बाईंनी. चार नंबरच्या." आणि वर तक्रार! "भारी कटकट्या आहेत गं. मी म्हटलं भूक नाही, तर म्हणाल्या, भुकेचं कोण विचारतंय? संपेपर्यंत समोरून हलल्या नाहीत."

मला वाटलं आत्ताच जाऊन त्या बाईंचे पाय धरावेत. चार नंबरला कुलूप होतं. गेल्या असतील कुठे तरी, म्हणून मी परत आले. संध्याकाळी पुन्हा कुलूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी बाहेर, पुन्हा आईच्या पोटात वाटीभर मऊ भात, आणि मी परत येईपर्यंत वाटी गेलेली.

"वाटी धुऊन तरी दिलीस का?"

"धुऊन! रिकामी कशी देईन? साखर घालून दिली."

"साखर कुठली?"

आईने पर्स उघडून दाखवली. हॉटेलच्या पुड्या! आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत हे मान्य, पण म्हणून हॉटेलातून उचललेल्या सोनेरी पुड्या? त्या बाईंना काय वाटलं असेल? मी लाजेने अर्धी झाले आणि माफी मागायला खाली प्रदीपभाईंकडे गेले. म्हटलं, चार नंबरच्या बाई कधी असतात?

"चार नंबर तर बंद आहे ताई. त्यात जुन्या गाद्या ठेवतो."

"मग माझ्या आईला भात कोण देतं?"

"इथे कोण देणार? एक आणि तीन पण खाली आहेत, एकदम रिकाम्या. हमणा तुम्ही दोघीच आहात वर, बेच जण."

आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, आजारी म्हाताऱ्या बाईला कोणीतरी परका माणूस वर येऊन खायला घालतो आणि तुम्हाला पत्ता नाही? हा लॉज आहे की धर्मशाळा? प्रदीपभाई पण चिडले. "ताई, वर जायला आ एकच जिना आहे, आणि मी जिन्याच्या तोंडावर बसतो. कुत्रं पण विचारून जातं." दादाला फोन केला तर तो म्हणाला, आत्याला भास होत असतील, चांगल्या सायकियाट्रिस्टला दाखवू. भासाने भात खाल्ला जातो का? आईच्या गालावर रंग आला होता, ती गॅलरीत फेऱ्या मारत होती. हे कुठल्या भासाने होतं ते त्याने सांगावं.

मग मी ठरवलं, वायर शोधायची. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेच नाही. खोलीत खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसले. दुपार झाली, दुपार टळली. कोणी नाही. आईने डब्यातली पोळी कुस्करली, एक तुकडा तोंडात टाकला आणि "झालं" म्हणाली.

मी डबा परत तिच्यासमोर सरकवला.

"अगं खा ना!"

"तू अशी राखण करत बसल्यावर कशा येतील त्या? पोलीस बसल्यासारखी बसली आहेस."

म्हणजे बघा माझी अवस्था. खोलीत बसावं तर आई उपाशी, उठून जावं तर कोण येतं ते कळणार नाही. मी कोणाला शिव्या द्याव्या ते सांगा! शेवटी त्याच्या पुढच्या दिवशी आईला म्हटलं, मी बाहेर जाऊन येते, आणि खाली प्रदीपभाईंच्या टेबलाशी जाऊन बसले. दोघं समोरासमोर, मध्ये जिना. त्यांनी चहा मागवला. माझा कप नुसता माझ्याकडे सरकवला. आदल्या भांडणाचा राग दोघांनाही होता.

जिन्यावरून कोणी गेलं नाही. हे मी शपथेवर सांगते. आणि वरून आईचा आवाज आला. आधी नाही नाही म्हणण्याचा, मग चक्क हसण्याचा. बाबा असताना हसायची तसा. प्रदीपभाईंचा कप हातातच राहिला.

आम्ही दोघं जिना चढून धावत वर. आई एकटी. मांडीवर वाटी, अर्धी संपलेली, हाताला चटका बसेल इतकी गरम. "आत्ताच गेल्या," आई म्हणाली. "तुमच्या पायांचा धबधब आवाज ऐकला आणि उठल्या. एवढं काय धावत यायचं?"

मी म्हटलं, चार नंबर उघडा. आत्ताच्या आत्ता.

किल्ली प्रदीपभाईंच्या घरी, वासण्याला. ते कुरकुरत स्कूटरवर गेले आणि घेऊन आले. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली फिरेना. खोबरेल तेल घातलं, हातोडीने ठोकलं, तेव्हा कुठे उघडलं. आत छतापर्यंत गाद्या, एक मोडकी खाट, धूळ. ना स्टोव्ह, ना भांडं. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला.

आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर, ओळीने, नीट मांडून ठेवलेल्या साखरेच्या पुड्या. सोनेरी अक्षरांच्या.

मी पत्रा ओढून पाहिला. भिंती ठोकल्या. गाद्यांच्या मागे हात घातला. शोधायची ती सगळी वायर शोधली हो... प्रदीपभाई दारातूनच बघत होते. मग म्हणाले, "ताई, साखर आहे ने. मुंग्या लागल्या पाहिजेत." एकही मुंगी नव्हती.

मी त्यांना सरळ विचारलं, इथे कोण वारलं होतं?

"कोई नहीं ताई! आधी इथे टायपिंगचा क्लास होता, मग लॉज. मरायला कोणाला टाइमच नव्हता."

घ्या! आता स्पष्टीकरणाला एखादा दुःखी आत्मा तरी असावा ना? तोही नाही. तेवढंही सुख नशिबी नाही.

आई मात्र माझ्यावर भडकली. "लोकांच्या घरात शिरलात? हातोडी घेऊन? शरम नाही वाटत?" मी म्हटलं, आई, तिथे घर नाहीये, गाद्या आहेत. ती म्हणाली, "त्यांचं त्या बघतील." आणि तिचं बरोबरच ठरलं, कारण त्यानंतर त्या बाई आल्या नाहीत. वाटी न्यायलासुद्धा. आम्ही निघेपर्यंत आई दाराकडे बघत होती. शेवटी वाटी पिशवीत घालून नाशिकला आणावी लागली. साधीच वाटी आहे. काठाखाली ठिपक्यांनी नाव कोरलेलं, पण घासून घासून पुसट झालेलं. 'सौ.' एवढंच वाचता येतं. पुढचं काही नाही. प्रदीपभाईंच्या घरातली कोणी ती ओळखली नाही, आमच्या दादाकडची कोणी नाही.

घरी आल्यावर मला धाकधूक, की आता पुन्हा 'झालं' सुरू. पहिल्या दिवशी आई पानावर बसली आणि अख्खी पोळी खाल्ली. वर भात मागितला. मी तोंडाकडे बघत राहिले.

"बघतेस काय? वाटी परत द्यायची आहे. बडोद्यापर्यंत जायचं म्हणजे अंगात ताकद नको?"

अशी ती जेवायला लागली. आनंदाने नाही, कर्तव्य म्हणून — पण जेवायला लागली. वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, "व्वा, काय केलंत?" मी काय सांगणार, कपाळ? वाटी फडताळात वरच्या फळीवर. तिच्यात कोणी काही घ्यायचं नाही. आणि रोज विचारणं — "तिकिटं काढलीस का?"

मी नाही काढली. आज सुट्टी नाही, उद्या ऑडिट आहे, परवा ऊन फार आहे. खरं कारण तिला कसं सांगू? वाटी परत केली, देणं फिटलं, की ही पुन्हा ताट सरकवेल याची मला भीती वाटत होती. त्या वाटीच्या जिवावर माझी आई जगत होती. मी, जिला आपोआप काही होत नाही हे माहीत आहे, ती मी एका वाटीला घाबरून होते.

पण आईच्या कटकटीपुढे चार नंबरच्या बाईही कमी पडल्या असत्या. हिवाळ्यात निघालो. आईने स्वतः बेसन भाजून लाडू वळले. प्रदीपभाईंनी तीच दोन नंबर दिली, तीच कडक चादर, तीच लाल बादली. "मजामा, मावशी? तब्येत तर एकदम फर्स्ट क्लास!" म्हणाले आणि माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "चार नंबरला मी तर हात पण नाही लावला, ताई. कुलूप तेवढं बदललं आहे."

आईने सकाळी आंघोळ करून वाटीत लाडू भरले, वर ताटली झाकली आणि चार नंबरच्या उंबऱ्याशी ठेवली. "त्या दिवशी मुलगी आत शिरली, मनावर घेऊ नका," असं बंद दाराला सांगितलं. मी शेजारी उभी. मला हसू येईना आणि रडूही. मग आम्ही दादाकडे गेलो. दिवेलागणीला परत आलो तर उंबरा मोकळा. आईने हुश्श केलं.

आणि रात्रीच्या जेवणाला तिने अर्धी पोळी खाल्ली, हात झटकले. "झालं," म्हणाली.

फिटलं होतं ना देणं. मला त्या बाईंचा इतका राग आला... वाटीच नेली, आईला माझ्या गळ्यात टाकून. नेणारच होतात तर लावलीत कशाला सवय?

सकाळी परतीच्या गाडीसाठी बॅगा उचलल्या, दार उघडलं. उंबऱ्याशी वाटी होती. तीच, 'सौ.'ची, आरशासारखी घासलेली. वर आमचीच ताटली. आईने ताटली उचलली. आत काठोकाठ मेतकूट, ताजं, भाजल्या डाळींचा वास येणारं.

आई खुदकन हसली. "बघ. मी म्हटलं नव्हतं? रिकामी थोडीच पाठवेल ती!" मग तोंड वाकडं करून, अगदी कटकट्या आवाजात, "म्हणजे आता पुन्हा आली का परतफेड आपल्यावर? पुन्हा एवढा प्रवास." आणि जिना उतरता उतरता, "शैले, घरी गेल्या गेल्या मऊ भात टाक. तूप आहे ना?"

तर हे असं आहे. ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी आपल्याजवळ ठेवावं, मला नको. मेतकूट संपत आलंय, आई रोज दोन्ही वेळा जेवते, आणि यावेळी बाईंसाठी चकल्या करायच्या की शंकरपाळे यावर आमची भांडणं चालू आहेत. काल मीच प्रदीपभाईंना फोन करून दोन नंबर सांगून ठेवली.